पांढऱ्या कडेची नाणी

एमेट ह्रुस्काच्या तळघरात बिटाच्या लोणच्याच्या बरण्यांमागे कॉफीचे पत्र्याचे डबे होते, आणि त्या डब्यांत त्याची आयुष्यभराची चांदी होती. हे तो स्वतः, त्याची बायको लेनोर आणि मी, एवढ्यांनाच ठाऊक होतं. मी त्यांची शेजारीण. ओहायोतल्या या काचकारखान्याच्या गावात मी नवऱ्यामागून आले, तो गेल्यावरही इथंच राहिले. आमच्या दोन घरांमध्ये फक्त एक लायलॅकचं झुडूप आहे आणि ते ओलांडायला आम्ही कधी कोणाची परवानगी घेतली नाही.

नोव्हेंबराच्या सुरुवातीला एका सकाळी लेनोर ते झुडूप ओलांडून आली ती स्वयंपाकाच्या एप्रनवरच. अंगात कोट नव्हता. तिने मूठ उघडून माझ्या टेबलावर अर्ध्या डॉलरची चार-पाच नाणी ठेवली.

"ही मी डब्यातून काढली," ती म्हणाली. "कड बघ."

मी एक नाणं उभं धरलं. कडेला तांब्याची तांबूस रेघ सरळ दिसत होती. साधं नाणं. दुसरंही तसंच, तिसरंही.

एमेट काय करायचा ते इथं सांगायला हवं. बँकेतून कागदात वळलेले अर्ध्या डॉलरच्या नाण्यांचे रोल मागवायचे, जेवणाच्या टेबलावर हिरवा टॉवेल अंथरायचा, एकेक रोल फोडायचा आणि कडा बघत जायचं. चौसष्ट सालापर्यंतचं नाणं चांदीचं, त्याची कड अख्खी पांढरी. पुढं काही वर्षं चांदी कमी घातली आणि मग बंदच केली. दुकानात हे नाणं कोणी देत नाही, कोणी घेत नाही, म्हणून बँकांच्या पेट्यांत जुनं काहीबाही पडून राहतं. चांदीचं सापडलं की ते डब्यात. उरलेली साधी नाणी पुन्हा कागदात वळून दुसऱ्या गावच्या बँकेत नेऊन भरायची, म्हणजे आपलीच चाळलेली नाणी फिरून आपल्याच गळ्यात पडत नाहीत. एमेटचं भरायचं ठिकाण म्हणजे नदीपलीकडचं मार्टिनव्हिल. दर सोमवारी तो तिकडं जायचा, बँकेत मुलींशी चार थट्टेच्या गोष्टी बोलायचा आणि बेकरीतून कोलाचे, म्हणजे खसखस भरलेले गोड पाव, घेऊन यायचा. त्यातले दोन माझे.

कारखान्यात त्याचं काम बाटल्या तपासण्याचं होतं. उजेडासमोरून बाटल्या सरकत जायच्या आणि बुडबुडा किंवा चीर असलेली बाटली तो बोटाच्या टिचकीने बाजूला काढायचा. डोळ्यांवरच पोट भरलं, असं तो म्हणायचा. निवृत्त झाल्यावर नाण्यांत त्याला तेच सुख मिळत असावं. लेनोरला मात्र त्या छंदाचा राग यायचा. नाण्यांनी काळी झालेली बोटं तो तिच्या स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये धुवायचा. पण चांदीचे डबे वाढत गेले तसा तिचा राग निवला. मी आधी गेलो तर हे तुझं, असं त्याने तिला सांगून ठेवलं होतं, आणि तिने ते मनात धरलं होतं.

आणि आता डब्यात तांब्याची नाणी.

"सगळा डबा?" मी विचारलं.

"एक अख्खा. दुसरा अर्धा. बाकीचे उघडायचं धाडस झालं नाही."

ती खुर्चीवर बसली, उठली, खिडकीशी गेली. तिच्या तोंडून नाव यायला बराच वेळ लागला. कर्टिस. एमेटच्या धाकट्या भावाचा मुलगा. बाप लवकर गेला, तेव्हापासून दर रविवारी तो यांच्याकडेच जेवायचा. हातात कसब होतं. यांच्या घरची, थंडीत घर गरम ठेवणारी भट्टी, नळ, पन्हळी सगळं तोच बघायचा. सप्टेंबरात भट्टी बिघडली तेव्हा दोन दिवस तळघरात एकटाच काम करत होता. आणि मागच्याच महिन्यात त्याने नवी पिकअप गाडी घेतली होती.

एमेटला सांगायचं नाही, असं तिने ठरवलं. त्याच्या हृदयात दोन जाळ्या बसवलेल्या होत्या. चोरी झाल्याचं त्याने सोसलं असतं, पण चोर कर्टिस निघाला तर त्याचं काय होईल, ही तिची भीती होती. मलाही गप्प बसायला सांगितलं. मी बसले. पुढचे तीन आठवडे आम्ही दोघी त्या गप्प बसण्याने पार हैराण झालो.

लेनोरने तळघराच्या दाराला कुलूप घातलं आणि किल्ली एप्रनच्या खिशात ठेवली. एमेटला सांगितलं की पायऱ्यांवर तुझा पाय घसरेल म्हणून. तो कुरकुरला, पण त्याला जेव्हा खाली जायचं असे तेव्हा ती किल्ली द्यायची आणि वर पायऱ्यांशी उभी राहायची. सापडलेलं नाणं टाकायला तो एखादा डबा वर आणायचा, त्यात तिला नवं काही वाटत नसे. रविवारी कर्टिस आला तेव्हा तिने कोबी-नूडल्स केल्या होत्या, त्याच्या आवडीच्या. पण ती त्याच्या ताटात वाढताना त्याच्या हातांकडे बघत होती, आणि ते त्याला कळलं. त्याने विचारलंही, काकू, माझं काही चुकलं का. तिने नाही म्हटलं. पुढच्या रविवारी तिने फोन करून सांगितलं की माझं डोकं दुखतंय, येऊ नकोस. त्याच्या पुढच्या रविवारी तो स्वतःहूनच आला नाही.

"पोरगा का येईना?" एमेट विचारत राहिला. "भांडलीस का तू त्याच्याशी?"

ती बटाटे सोलत राहिली.

दर दोन दिवसांनी ती खाली जाऊन डबे बघायची. आणि चमत्कार असा की तिसऱ्या डब्यातही आता खालच्या थरात चांदी आणि वर तांबं असं झालं होतं. कर्टिस तर दोन आठवडे घरात आला नव्हता. ती मला हे सांगायला आली. त्याच्याकडे किल्ली असणार, ती म्हणाली. आपण झोपेत असताना तो येत असणार. मला ते पटलं नाही, पण दुसरं काही सुचतही नव्हतं.

शनिवारी सकाळी लुथरन चर्चच्या हॉलमध्ये नाणी गोळा करणाऱ्यांचा क्लब भरतो. लेनोरने मला तिथं जायला सांगितलं. कोणी कर्टिसकडून चांदी घेतल्याचं बोलतंय का, कान देऊन ऐक, म्हणाली. माझ्या नवऱ्याची दोन-चार जुनी नाणी होती, ती दाखवायच्या निमित्ताने मी एमेटला म्हटलं, चल, माझ्या गाडीतून जाऊ. तो लगेच तयार झाला. इतका लगेच, की मला तेव्हाच नवल वाटायला हवं होतं. दुसऱ्याने गाडी चालवलेली त्याला कधी सहन होत नसे.

हॉलमध्ये कॉफी आणि डोनट होते, नेहमीची दहा-बारा माणसं होती. पण त्या दिवशी सगळे एकाच टेबलाभोवती जमले होते. जोअॅन बेलिनो तिथं बसली होती. ती शाळेची बस चालवते. खणखणीत आवाजाची, मोठ्याने हसणारी बाई. तिने टेबलावर अर्धे डॉलर ओळीने मांडले होते, आणि प्रत्येकाची कड पांढरी होती. काहींवर चालणारी बाई होती, काहींच्या मागे घंटा, म्हणजे चौसष्टच्याही आधीची नाणी. तिने मार्टिनव्हिलच्या बँकेत सहज विचारलं, तर कोणीतरी भरलेले हाताने वळलेले रोल तिथल्या मुलीने काढून दिले. जोअॅनचा स्वतःचाच विश्वास बसत नव्हता. म्हणाली, तीन रात्री झोप नाही, सारखं वाटतं कोणीतरी येऊन परत मागेल.

एमेट पुढं झाला. त्याने एक नाणं उचललं, टेबलावर टाकून त्याचा नाद ऐकला, आणि त्याचा चेहरा उजळला. तो मनापासून खूश झाला होता, हे मी शपथेवर सांगेन.

"नशीब काढलंस, पोरी," तो म्हणाला. "मला आयुष्यात एकदाही एवढं घबाड लागलं नाही."

जोअॅनने एक रोल तसाच न फोडता ठेवला होता, आठवण म्हणून. तो तिने त्याच्या हातात दिला. एमेट तो तळहातावर तोलत होता, अंगठ्याने कागदाचं टोक चाचपत होता. मग त्याचा अंगठा थांबला. त्याने रोल उलटा करून दुसरं टोक चाचपलं. तो जोअॅनकडे बघत नव्हता, रोलकडेही नाही; भिंतीकडे बघत होता. मग त्याने रोल हळूच टेबलावर ठेवला आणि मला म्हणाला, जाऊया का.

गाडीत बसून त्याने पट्टा लावला.

"तो कागद माझ्या हातचा आहे," मग तो म्हणाला. "टोकाला तीन घड्या घालून चमच्याच्या पाठीने दाबतो मी. दुसरं कोणी तसं करत नाही."

मला आधी कळेना तो काय म्हणतोय. मग तो तुटक तुटक सांगत गेला तसं कळलं. डब्यातली चांदी कोणी चोरून नेलीच नव्हती. एमेटच जुने डबे वर आणून पुन्हा पुन्हा तपासत होता, आपल्याला अजून ओळखता येतं का ते बघायला. आणि टेबलावरचे दोन ढीग त्याच्या हातून उलटे होत होते. साधी नाणी डब्यात जात होती. चांदी कागदात वळून तो स्वतः दर सोमवारी मार्टिनव्हिलला नेऊन भरत होता.

"केव्हापासून, एमेट?"

"उन्हाळ्यापासून. आधी वाटलं चष्मा बदलायला हवा."

"आता काय दिसतं?"

"बाजूचं दिसतं. मधलंच जातं. तुझ्याकडे बघितलं तर कान दिसतात, केस दिसतात. चेहऱ्याच्या जागी धुरकट काहीतरी असतं. कडांवर अंदाज करत होतो. बहुतेक वेळा बरोबर येतोय असं वाटायचं."

मी गाडी बाजूला घेऊन थांबवली. नाण्यांचा विचार माझ्या डोक्यातून केव्हाच गेला होता.

"आणि गाडी?" मी विचारलं. "दर सोमवारी तू नदीपलीकडं जातोस."

"रस्त्याच्या कडेची पांढरी रेघ धरून जातो. ती बाजूला असते ना. दिसते."

मी त्याला खूप बोलले. कधी कोणाला बोलले नसेन इतकं बोलले. त्याच रस्त्याने जोअॅनची बस पोरं भरून जाते, हेही बोलले. तो ऐकत राहिला. मग मी त्याला कर्टिसबद्दल सांगितलं, लेनोर काय समजून बसलीय ते सांगितलं. तेव्हा मात्र त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

"तिला मीच सांगतो," शेवटी तो म्हणाला. "मला सोमवारपर्यंत वेळ दे. माझ्या तोंडून कळलेलं बरं."

गाडीला हात लावणार नाहीस असं कबूल कर, मी म्हटलं. त्याने कबूल केलं. आणि मी त्याला दोन दिवस दिले. रविवारभर मी खिडकीतून त्यांच्या अंगणातली ती करड्या रंगाची गाडी जागेवर आहे ना, तेवढंच बघत होते. लेनोर संध्याकाळी आली, क्लबमध्ये काय कळलं विचारायला. मी म्हटलं, काही विशेष नाही. ती माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिली.

सोमवारी सकाळी नदीवरून धुकं आलं. आमच्याकडे नोव्हेंबरातलं धुकं असं असतं की समोरचं लायलॅकही दिसत नाही. मी चहा करत होते आणि इंजिनाचा आवाज आला. मी चपलांवरच बाहेर धावले. अंगणात गाडी नव्हती.

लेनोर दारात उभी होती. तिला तो काय सांगून गेला होता? बँकेत जाऊन येतो, म्हणाला होता, नेहमीसारखा. फक्त एरवीपेक्षा लवकर. तेव्हा मी तिला सगळं सांगितलं, दोन वाक्यांत, पायऱ्यांवर उभं राहून. तिने कोट घेतला आणि माझ्या गाडीत जाऊन बसली.

तो का गेला असेल हे आम्हाला वाटेत उमगलं. बँकेत त्याचे आणखी रोल पडले असतील, ते दुसऱ्या कोणाच्या हाती जाण्याआधी परत घ्यायचे होते. चांदी परत आणून मगच बायकोला सांगायचं होतं.

मी हळू चालवत होते, कारण मलाही काही दिसत नव्हतं. लेनोर काचेला नाक लावून बसली होती. प्रत्येक वळणावर ती म्हणायची, थांब, आणि मग म्हणायची, नाही, झाड आहे. पूल ओलांडला. धान्याच्या कोठारापाशी रस्त्याच्या कडेला दोन लाल दिवे दिसले. एमेटची गाडी. इंजिन चालू होतं.

तो आत बसला होता. उजव्या बाजूचा आरसा तुटून लोंबत होता, पुढच्या कोपऱ्याला पोचा पडला होता. लेनोरने दार उघडलं.

"लागलंय का कुठं?"

त्याने नाही म्हणून मान हलवली. मग म्हणाला, "लेनोर, मी कशाला तरी धडकलो. मागं. कशाला ते कळलं नाही."

"कशाला म्हणजे?"

"आवाज आला. मी थांबलो नाही लगेच. मग थांबलो, पण उतरून बघायचा धीर झाला नाही."

तिने आत वाकून इंजिन बंद केलं, किल्ली काढून घेतली आणि ती मागं चालायला लागली. मी तिच्या बरोबर. रस्त्याच्या कडेची खडी पायांखाली करकरत होती. धुक्यात काहीही काळं दिसलं की लेनोरचं पाऊल अडखळायचं; एकदा तो टायरचा फाटलेला तुकडा होता, एकदा कचऱ्याची पिशवी. तिने माझा दंड इतका घट्ट धरला होता की नंतर तिथं काळेनिळे डाग उमटले. मला सारखं वाटत होतं, मी शनिवारीच सांगायला हवं होतं.

एका शेतघराच्या वाटेपाशी टपालाची पेटी पडली होती. खांब मुळाशी मोडला होता, पेटी चपटी होऊन गवतात पडली होती. बाजूला अंगात नवऱ्याचं जाकीट घातलेली एक बाई उभी होती.

"तुमचीच का गाडी?" तिने विचारलं. रागावलेली नव्हती.

"माझ्या नवऱ्याची," लेनोर म्हणाली. "इथं कोणी होतं का?"

"पोरं इथंच उभी राहतात बसला. दोघंही." तिने जाकीट आणखी घट्ट ओढून घेतलं. "बस नुकतीच गेली होती."

लेनोर तिथंच खडीवर खाली बसली.

एमेट स्वतः चालत आला, रस्त्याच्या कडेकडेने, हात पुढं धरून. त्याने त्या बाईला आपलं नाव सांगितलं, डोळ्यांचं सांगितलं, काही लपवलं नाही. पोलिसांना बोलवायचं तर बोलवा, म्हणाला. तिने बोलवलं. हवालदार येईपर्यंत एमेट तिथंच उभा राहिला आणि गाडी चालवायचा परवाना आपल्या हाताने त्याला देऊन टाकला. घरी येताना तो मागच्या सीटवर बसला होता. लेनोर पुढं. तिने मान वळवून एकदाही मागं बघितलं नाही; पण तिचा एक हात सीटच्या फटीतून मागं गेला होता आणि त्याने तो धरला होता.

कर्टिसला लेनोरने घरी बोलावून सांगितलं. मी तिथं नव्हते, तिनेच मला नंतर सांगितलं. तो उभाच राहिला, बसला नाही. एवढंच म्हणाला, "गाडी मी कर्जावर घेतली, काकू. विचारलं असतंस तर सांगितलं असतं." मग अंगणात जाऊन त्याने काकाच्या गाडीचा पोचा बघितला, आणि दुसऱ्या दिवशी शेतावर जाऊन नवा खांब पुरून टपालपेटी बसवून आला, कोणी न सांगता. रविवारी मात्र तो ईस्टरपर्यंत जेवायला आला नाही. आता येतो. पण लेनोरने तळघरातून काही आणायला सांगितलं तर म्हणतो, चल, तूही ये. एकटा खाली उतरत नाही.

जोअॅनच्या कानावर सगळं गेलंच, गाव केवढंसं. ती नाण्यांची पिशवी घेऊन आली आणि टेबलावर ठेवली. लेनोरचं मन हललं होतं, हे मी पाहिलं. एमेटने पिशवी जोअॅनकडे परत सरकवली.

"बँकेतून आलं ते ज्याच्या हाती लागलं त्याचं," तो म्हणाला. "मी काय दुसरं केलं जन्मभर? मला मिळालेली नाणीसुद्धा कोणीतरी साठवलेलीच होती. कोणाच्या तरी आजोबांची. मी कधी कोणाचं दार वाजवायला गेलो?"

जोअॅन बराच वेळ हुज्जत घालत होती. शेवटी पिशवी घेऊन गेली, पण शनिवारी त्याला क्लबात न्यायला तीच येते, आणि लेनोर खिडकीत उभी राहून ती गाडी कोपऱ्यावरून वळेपर्यंत बघते.

डॉक्टरांनी सांगितलं, उशीर झालाय, पण डाव्या डोळ्यात जे आहे ते टिकवता येईल. त्यासाठी शहरातल्या दवाखान्यात डोळ्यात इंजेक्शन घ्यायला वरचेवर जावं लागतं. तिकडं लेनोर त्याला घेऊन जाते. तिने हमरस्त्यावर गाडी कधी चालवली नव्हती. ट्रक शेजारून गेला की ती श्वास रोखून धरते, एमेट बाजूला बसून सांगत राहतो, उजवीकडे राहा, घाई नाही, आणि ती त्याला गप्प बस म्हणते. परत आल्यावर ती आधी माझ्याकडे येते आणि बसते, कोट न काढता. मी चहा करते. थोड्या वेळाने ती कोट काढून खुर्चीच्या पाठीवर टाकते.